लाटण्याने शांत केलेला ट्रक

नातवंडांनो, तुमच्या आजोबांची हिरवी गाडी तुम्ही फक्त फोटोत पाहिली आहे. पुढे पाच माणसांची बंद केबिन, मागे उघडा हौदा, आणि इंजिनाची ताकद चारही चाकांना. ते तिला 'गाडी' म्हणतात, मी ट्रक म्हणते. शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत ती लावायची म्हणजे खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची स्कूटर हलवावी लागते, आणि ते दर वेळी विचारतात, "काका, विमानही इथेच लावणार का?"

गेल्या हिवाळ्यात आजोबांनी हा ट्रक विकायचं ठरवलं. कारण मी होते.

वेल्ह्याच्या पलीकडे डोंगरात आपली थोडी जमीन आहे. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी तिथे आंबे, फणस, जांभळं लावली. शेवटची चढण नुसत्या दगडगोट्यांची आहे, तिथे साधी मोटार जाऊच शकत नाही. ट्रक जातो, पण आत बसणाऱ्याला वाटतं, आपण पत्र्याच्या पिंपात आहोत आणि बाहेरून कोणी काठीने बडवतंय. त्यात आजोबांना कमी ऐकू येतं. काही सांगायचं असलं की त्यांच्या दंडावर टिचकी मारायची आणि हातवारे करायचे. घरी परतल्यावर माझं डोकं घणघणत राहायचं, कंबर धरायची. लागोपाठ दोन वेळा मी गेलेच नाही. तेव्हा आजोबा म्हणाले, "तू नाहीस तर मी तिथे काय झाडांशी गप्पा मारू?" आणि खराडीच्या एका तरुणाला, पुढच्या महिन्यात गाडी बघायला या, असं फोनवर सांगून मोकळे झाले. या वयात आमचं डोंगरात जाणं थांबेल म्हणून तुमच्या बाबांना तर आनंदच झाला.

ट्रक गेला असता तर जमिनीवर जाणं संपलं असतं. मी उभा जन्म वर्गातला गोंगाट शांत करण्यात घालवला होता. हा तर एकच ट्रक.

पहिला उपाय घरात होता तोच केला. माळ्यावरच्या जुन्या गोधड्या काढल्या आणि पायाखाली, पाठीमागे, जागा मिळेल तिथे कोंबल्या. सिंहगड रस्त्याने एक चक्कर मारली. ऊब चांगली आली. आवाज होता तेवढाच राहिला.

उत्तर स्वयंपाकघरात सापडलं. परात घासून ठेवताना ओट्यावर आपटली आणि वाजत राहिली. सवयीने मी तिच्यावर तळहात दाबला, ती गप्प झाली. त्याच परातीवर चादर टाकली असती, तर ती चादरीखाली वाजत राहिली असती. म्हणजे आमचं चुकलं होतं ते इथे. पत्र्याला पांघरूण नको होतं, अंगाला चिकटून त्याची थरथर धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं.

गॅरेजवाल्याला घरीच बोलावून सीट आणि दारांची आतली अस्तरं काढून घेतली. मग मी डाव घेऊन सगळा पत्रा ठोकत फिरले. जिथे टणटण वाजेल तिथे खडूने गोल, जिथे ठप्प वाजेल तिथे काही नाही. शेजारी स्कूटर पुसत उभे होते.

"काकू, पेपर तपासताय?"

"हो. बरेच नापास आहेत."

नाना पेठेत चिकट डांबरी रबराचे तक्ते मिळतात, वरून चंदेरी वर्ख लावलेले. दुकानदाराने विचारलं, "आजी, म्युझिक सिस्टीम बसवायचीय का?" मी म्हटलं, "नाही. आहे ते म्युझिक बंद करायचंय."

हे तक्ते नुसते चिकटवून भागत नाही. खाली हवा राहिली तर पत्रा वाजतोच, म्हणून दाबून लाटावे लागतात. मी घरून लाटणं आणलं. दारं मी लाटली. तळ आजोबांकडे गेला, कारण मला कंबरेतून वाकवत नव्हतं. जन्मात पोळी न लाटलेला माणूस ट्रकमध्ये मांडी घालून घाम गाळत होता, आणि शेजारी खिडकीतून विचारत होते, "काका, गोल येतेय का?"

सीट परत बसवून पुन्हा निघालो. टणटणाट गेला होता, पण बुडाखालची थरथर तशीच. आजोबा म्हणाले, "राहू दे आता. पुष्कळ केलंस." मला मात्र आपला जुना मिक्सर आठवला. पायांची रबरं झिजल्यावर तो ओट्यावर चालायला लागायचा आणि मांडणीतली भांडी नाचायची. मी गॅरेजवाल्याला विचारलं, "ही केबिन खाली कशावर टेकलेली असते?"

"चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, काकू. मध्ये रबरं असतात."

"दाखवा."

ती लाकडासारखी कडक झाली होती, नख रुतेना. सगळी बदलून घेतली, आणि गिअरच्या दांड्याभोवतीचं फाटकं रबरही.

तो खराडीचा तरुण यायच्या आदल्या दिवशी आम्ही वेल्ह्याकडे निघालो. डांबरी रस्ता संपला, दगड सुरू झाले. ट्रक डुलत होता, झुलत होता, पण बडवत नव्हता. इंजिन कुठेतरी लांब, शेजारच्या घरात चालू असावं तसं. मी समोर बघत, घरात बोलते त्याच आवाजात म्हटलं, "अहो, उद्या त्या मुलाला येऊ नका म्हणून सांगा."

दंडाला हात लावला नव्हता. आजोबांनी मान वळवली.

"सांगतो," ते म्हणाले. मग स्टिअरिंग सावरत, "आणि आता गाडी चालवताना तुझ्या सगळ्या सूचना मला ऐकू येणार का?"

"सगळ्या. डावीकडे तो दगड बघा."

चढण संपल्यावर फोनला रेंज आली. इंजिन चालू ठेवूनच त्यांनी ट्रक उभा केला, मी त्या तरुणाला फोन लावून स्पीकरवर त्यांच्यासमोर धरला.

"काका, गाडी विकायची नाही? का? बंद पडलीये का?"

"चालू आहे. मी आत्ता तिच्यातच बसलोय."

"चालू आहे? मला तर काहीच आवाज येत नाहीये."

"म्हणूनच," आजोबा म्हणाले, आणि गिअर टाकला.