तुळशीपाशी बसलेली आई

आमच्या घरात, आणि इथल्या बऱ्याच घरांत, मुहूर्ताला मुलीची आई मांडवात नसते. मंगलाष्टकं सुरू झाली की ती तुळशीपाशी बसून पाणी घालत राहते. लेकीनं नवऱ्याच्या गळ्यात हार घातलेला तिनं बघायचा नसतो. तो ती नंतर फोटोत बघते. खेडपासून दाभोळपर्यंत मी इतकी वर्षं लग्नांचे फोटो काढतोय, पण तुळशीपाशी बसलेल्या आईचा फोटो माझ्या एकाही अल्बममध्ये नाही. त्या वेळी मी स्टेजवर असतो.

यंदा मे महिन्यात आमच्याच मुलीचं लग्न ठरलं आणि हे मला खुपायला लागलं. दर मे महिन्यात मी लोकांच्या मांडवात असायचो. मुलीला कांजिण्या आल्या तेव्हा मी गुहागरला होतो, ती सायकलवरून पडली तेव्हा चिपळूणला. बायकोनं एकटीनं निभावलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, म्हणून मला जास्तच लागतं. निदान या मुहूर्ताला तिला एकटीला बसवायचं नाही, असं मी ठरवलं. तिला मात्र काही सांगितलं नाही.

फोटो काढायला दाभोळचा माझा जोडीदार आला होता. आम्ही कितीतरी लग्नं एकत्र केलीत. सकाळपासून तो माझ्यावर नजर ठेवून होता.

"दादा, आज तुम्ही बाप. कॅमेऱ्याला हात लावलात तर मांडवाबाहेर काढीन."

"त्या खिडकीचा उजेड मागून येतोय बघ."

"बघितलाय. जा, पाहुण्यांना पाणी विचारा."

भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला. मुलीच्या मागे तिचा मामा उभा राहिला. मी हळूच निघालो आणि कार्यालयाच्या मागच्या खोलीत गेलो. तिथं कुंडीतल्या तुळशीपुढं बायको पाटावर बसली होती. हातात तांब्या, नव्या पैठणीचा पदर मांडीवर गोळा केलेला. मी शेजारी खाली बसलो.

तिनं वळून बघितलं. "इथं काय करताय?"

"बसलोय तुझ्याजवळ."

"मला काय झालंय? अहो, उठा. मी नाही, तुम्ही नाही, मग तिच्याकडे बघायचं कुणी?"

"फोटो काढतोय ना तो."

"त्याला सगळं लग्न काढायचंय. तुम्ही फक्त तिला बघा आणि येऊन मला सांगा. जा आता, पाचवं सुरू झालं."

माझी सोबत तिला नको होती. तिला काय हवंय हे मी आजवर विचारलंच नव्हतं, आणि या वेळीही न विचारताच येऊन बसलो होतो. मी अनवाणीच पळालो.

शेवटच्या मंगलाष्टकाला स्टेजच्या कडेला पोचलो. अंतरपाट बाजूला झाला, वाजंत्री सुरू झाली. हातात कॅमेरा नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं ते कळेना. मुलीकडे बघत राहिलो.

परत आलो तेव्हा तांब्या रिकामा झाला होता. ती तशीच बसून होती.

"रडली?"

"नाही. आधी मामाकडे बघितलं. मग हार उचलला, तर जावई उंच, हात पोचेना. तो वाकला. तेव्हा हिनं खालचा ओठ दातात धरला. हसू दाबताना धरते तसा."

"लहानपणी चोरून खोबरं खाताना धरायची." बायको हसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हार कुठला आणला होता शेवटी? निशिगंधाचा की गुलाबाचा?"

मला आठवेना. शालूचा रंगही नीट सांगता येईना. इतकी वर्षं या धंद्यात काढूनही.

"असू दे," ती उठता उठता म्हणाली, "ते फोटोत येईल. ओठाचं परत सांगा."