दारावरची दोन अक्षरं

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी आमच्या दारावर कुणीतरी 'मर' असं लिहून गेलं.

पांढऱ्या खडूनं लिहिलेली दोन अक्षरं, चांगली वीतभर उंच. इतकी वाकडी, की लिहिणाऱ्याचा हात थरथरत असावा. (किंवा त्याला हातच नसावा, असं बायको म्हणाली. तिच्या अशा बोलण्यानं मला फार धीर येतो!)

आमचं घर भिवंडीजवळ अंजूरला. पूर्वी भोवती भातशेती होती, आता तिन्ही बाजूंना गोदामं. दुपारी हमाल जेवायला गेले की सगळा भाग एकदम मुका होतो. खाडीवरचा वारा बंद शटरांखालून शिरतो आणि आत कुणीतरी कण्हत असल्यासारखा आवाज येतो. रोज ऐकूनही मला त्याचं काही वाटत नव्हतं. त्या दिवसापासून वाटायला लागलं.

मी फडक्यानं दार पुसलं. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पिंपावर 'मर'. मग आईच्या खाटेच्या पायावर 'मर'. मग पाट्याच्या दगडावर. म्हणजे जे काही होतं, ते आता घरात शिरलं होतं!

"अहो, आपलं कुणाशी वैर आहे का?" सुनीतानं, म्हणजे बायकोनं विचारलं.

"नाही गं. गोदामवाल्यांशी भांडण आहे, पण ते वकिलाकडून लिहून पाठवतात."

दापोड्याच्या एका गोदामात मी सुपरवायझर आहे. त्या आठवड्यात एकदा कामावर गेलो, तर सगळे हमाल मला वाट करून देत होते. मला वाटलं, शेवटी एकदाची इज्जत मिळाली! दुपारी त्यांचा मुकादम जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहब, आपकी पीठ पे किसी ने कुछ लिखा है."

"क्या लिखा है?"

"मर," तो म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला.

शर्ट काढून पाहिला. तीच दोन अक्षरं. हा शर्ट रात्रभर माझ्या उशाशी खुंटीला होता! त्या थंडीत मला घाम फुटला.

पण खरी भीती पुढेच होती. त्या संध्याकाळी घरी आलो, तर मागच्या दारी आई धुण्याच्या दगडावर बसलेली. डोळे मिटलेले. समोर चुलीतली राख पसरलेली, आणि ती बोटानं राखेत काहीतरी गिरवत होती. तोंडानं पुटपुट चालू होती, "र... र... म... म..." आवाज तिचा नव्हताच. कुणीतरी तिच्या घशात बसून बोलत होतं.

"आये, काय करतेस गो?"

तिनं दचकून डोळे उघडले आणि पायानं राख मोडली. "कं न्हाय. तू जा आत."

आमच्या आईचं वय सत्तरीच्या आसपास. जमीन गोदामांना गेली, तरी तिनं टोपली सोडली नाही. रोज रिक्षानं भिवंडीला जाते आणि मार्केटमध्ये भाजी विकते. पण हल्ली ती भाजी संपली तरी उशिरा यायला लागली होती. कुठं होतीस विचारलं की म्हणायची, "व्हते जरा." या 'व्हते जरा'नं मला दोन रात्री झोप लागली नाही. आई आता आई राहिलीय का, असा विचार मनात यायचा आणि मी कूस बदलायचो. तिच्यावाचून आमचं घर ही कल्पनाच मला कधी सुचली नव्हती.

शेवटी चुलतभाऊ बाळूला सांगितलं. तो म्हणाला, "डोंगराकडं एक भगत हाय. शुक्कीरवारी पाठवतो. खांद्याला झोली असंल. त्याला कं सांगावं लागत न्हाय, आपोआप कलतं."

शुक्रवारी भिवंडीतले बरेच कापडाचे लूम बंद असतात. एरवी इथपर्यंत ऐकू येणारी खडखड त्या दिवशी नव्हती. दुपार नुसती टांगून ठेवल्यासारखी वाटत होती. सुनीतानं लिंबं आणून ठेवली होती, टोपलीखाली काळी कोंबडी डालली होती. इतक्यात दारात एक बारीक माणूस उभा राहिला. खांद्याला झोळी.

"रमाबाई इथेच राहतात ना?"

मी गारठलो. याला काही सांगावं लागत नाही, हे बाळूचं म्हणणं खरंच होतं!

"तुम्हाला नाव कसं कळलं?"

"आमच्याकडे सगळ्यांची नावं असतात," तो शांतपणे म्हणाला आणि आत येऊन बसला. भिंतीकडे, खाटेकडे, पिंपाकडे बघत राहिला. पिंपावरची अक्षरं दिसताच त्याचे डोळे चमकले. "अरे वा! उमटायला लागलं तर!"

सुनीतानं माझा दंड धरला.

"जाईल ना हो हे?" मी विचारलं.

"काय, अंधार? जातो. वेळ लागतो. सत्तर वर्षांचा आहे तो."

"आमच्या आईला एकटीलाच धरलंय का?"

"छे! मार्केटमधल्या बऱ्याच जणी आहेत आमच्याकडे. एकीला आणलं की ती दुसरीला ओढते."

"पण हे कुणी केलं?"

"वरून आदेश आहेत. दिल्लीहून."

दिल्लीहून! आमच्या घरावर एवढ्या लांबून करणी! मी विचारलं, "लिंबू कापू का?"

"चालेल, ऊन फार आहे. साखर कमी टाका."

"आणि... कोंबडी?"

तो ताडकन उठला. "नको नको! आम्हाला कुणाच्या घरी जेवायची परवानगी नाही. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल."

भगताला साहेब असतो, ही माहिती मी पचवत होतो, तेवढ्यात आई रिक्षातून उतरली. पाहुण्याला बघून तिनं टोपली खाली ठेवली आणि पदर तोंडावर घेतला. लाजली! "मास्तर, तुमी घरी आलाव? परीक्षा घ्याला?"

तो माणूस सरकारच्या प्रौढ शिक्षणाच्या ऑफिसातून आला होता. मार्केटमागच्या शाळेत ते दुपारचे वर्ग चालवतात. शिकणाऱ्यांची तयारी बघायला घरोघर फिरतात. आई त्या वर्गाला जात होती. नापास झाली तर हसं नको, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

"पण आये, 'मर' कनाला लिवलंस?"

"मर? मी कनाला तसं लिवू? माजं नाव लिवलंय! रमा!"

मास्तरांनी पिंपाजवळ वाकून बघितलं. "काना पुढच्या आठवड्यात शिकवायचाय, तो राहू दे. पण आजी, तुम्ही उजवीकडून का लिहिलंत?"

"ती जुबेदा न्हाय कं, माज्या बाजूला बांगड्या इकते? ती पलीकडं उर्दूच्या वर्गात बसते. ती उजवीकडून झरझर लिवते आन मी डावीकडं अडकून रायते. मंग मी पन तिच्या बाजूनं सुरू केलं."

"मीच सांगितलं होतं," मास्तर मला म्हणाले, "घरात जे जे आपलं असेल, त्यावर नाव लिहा म्हणून."

मला तो शर्ट आठवला. आईकडे बघायचं धाडस होईना, म्हणून मी लिंबं पिळायला आत वळलो.

"आणि माझ्या कशावरच नाही?" सुनीता फुरंगटून म्हणाली.

"तुज्या उशीवर हाय. उलटून बघ."

सुनीता उशी बघायला धावली. या झोळीवाल्याला मी कोण समजलो होतो, हे टोपलीखालची काळी कोंबडी बघून आता आईच्या लक्षात आलं. ती बराच वेळ तोंडाला पदर लावून हसत राहिली.

सरबत पिऊन मास्तर निघाले. जाताना म्हणाले, "आजी, घरी सराव घ्यायला कुणी शिकलेलं आहे का?"

आईनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शिकलेला हाय एक. पन त्याचं नाव तुमच्या पुडच्या वर्गात घाला, मास्तर. दोन अक्षरं वाचली तर कोंबडी आनली ह्यानं. धडा वाचला तर बोकड आनंल!"