चंद्र विकणाऱ्या बाईचा आवाज

माझ्या आत्याचा आवाज पनवेलच्या मच्छी बाजारातून सुटला की थेट न्हावा शेव्याला जाऊन लागतो. मी तिथे कंटेनर यार्डात कामाला आहे, तेव्हा हे ऐकीव नाही. एकदा तिने इकडे ‘सुरमय’ म्हणून हाक दिली आणि तिकडे आमच्या क्रेनवाल्याने कंटेनर अर्ध्यावर सोडून पिशवी शोधायला घेतली. ज्याला खोटं वाटत असेल त्याने क्रेनवाल्याला विचारावं. तो हल्ली गावी असतो.

असा हा आवाज एका माणसाने बंद पाडला. तोही मोबाइलवर अंगठा चालवून. त्या माणसावर मी सूड कसा उगवला ते सांगायला बसलो आहे. अजूनही आठवलं की कानशिलं गरम होतात, त्यामुळे अधूनमधून शब्द घसरला तर सांभाळून घ्या.

मुळात एक कार्टून मालिका होती. मोबाइलवर यायची, मराठीत. आपल्या खाडीतला एक मचवा वाट चुकून अवकाशात जातो. तांडेल आणि त्याचे खलाशी ग्रहाग्रहांवर जाळी टाकत फिरतात, आणि जाळ्यात मासा सोडून सगळं लागतं. आम्ही तिच्यावर जीव टाकायचो. स्वतःला खलाशी म्हणवायचो. आमचा व्हॉट्सॲपचा ग्रुप होता, त्यात पनवेलपासून आपट्यापर्यंतची माणसं होती. एकमेकांची तोंडं पाहिली नव्हती, पण तांडेलाची टोपी कुठल्या भागात उलटी होती यावरून रात्र रात्र भांडलो होतो. ग्रुपचा ॲडमिन नवीन पनवेलातला, सायन्सचे क्लास घेणारा. फोटोच्या जागी हेल्मेट घातलेलं मांजर. मालिकेतली प्रत्येक गोष्ट तो मुद्दे घालून तपासायचा. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. आम्हीही मान डोलवायचो, कारण मुद्द्यांना नंबर असले की माणूस खरा वाटतो.

मग त्याच लोकांनी मोठ्या पडद्यासाठी सिनेमा काढायला घेतला. शनीच्या कड्यावर बाजार भरतो आणि तिथे एक हिरवी बाई पाटीत चंद्र घेऊन विकायला बसते, असा त्यात एक प्रसंग होता. त्याला मागे बाजाराचा गलका हवा म्हणून स्टुडिओची पोरं आमच्या मच्छी बाजारात आली. माइक लावून नेमकी आत्याच्या पाटीसमोर उभी राहिली. गिऱ्हाइकाची वाट अडली. मग आत्याने त्यांना जे सुनावलं त्यात त्यांच्या मागच्या चार पिढ्या धुऊन निघाल्या. दुसरा कोणी असता तर पळाला असता. ही पोरं हात जोडून म्हणाली, “मावशी, चंद्र तुम्हीच विका.”

बेलापूरकडच्या त्यांच्या स्टुडिओत मीच तिला घेऊन गेलो. नऊवारी, अंगभर सोनं, केसात अबोली. पण काचेच्या बंद खोलीत तिचा आवाज निघेना. समोर मच्छी नाही, गिऱ्हाईक नाही, ओरडायचं कोणावर? शेवटी मी खाली जाऊन ओल्या बोंबलांची टोपली आणली आणि तिच्यापुढे ठेवली. एका दमात सगळं पार पडलं. त्या खोलीत आजही कोणी प्रेमाचं गाणं गायलं तर त्याला बोंबलाचा वास येतो म्हणतात.

सिनेमा लागला. आम्ही आमच्या गावाहून, गव्हाणहून, दोन टेम्पो भरून मॉलमधल्या थिएटरला गेलो. पडद्यावर ती हिरवी बाई आली, म्हणाली, “दादा, चंद्र घे, अजून थंड पन नाय झाला,” आणि आमच्या टेम्पोंनी थिएटर डोक्यावर घेतलं. आत्या पदराआड तोंड लपवून हसत होती. एवढी लाजलेली मी तिला तिच्या लग्नाच्या फोटोतही पाहिली नाही.

इथपर्यंत सगळं गोड होतं. पण आमचे खलाशी बाहेर पडले तेच फाटून. कोणी म्हणालं, असा सिनेमा जन्मात झाला नाही. कोणी म्हणालं, मालिकेचा गळा घोटला. तांडेलाला बायको दिली म्हणून एकजण जेवला नाही, तर बायकोला गाणं दिलं नाही म्हणून दुसरा. आपट्याच्या एका खलाशाचं म्हणणं होतं की अवकाशात कंदील पेटेलच कसा. त्याला उलटं विचारण्यात आलं की इतकी वर्षं मचवा उडत होता तेव्हा तू कुठे होतास. कामोठ्यात एका हळदीला दोन गट दोन पंगतींत बसले. वाढप्याला आधी विचारावं लागे, सिनेमा आवडला की नाही, मगच भात.

हे सगळं चालायचंच. आपल्या माणसावर प्रेम असलं की त्याला शिव्याही आपणच घालतो. पण मग ॲडमिनचे मुद्दे आले. कंदिलावर एक, तांडेलाच्या बायकोवर एक, आणि मग हा, जो मला तोंडपाठ आहे: “चंद्र विकणाऱ्या बाईचा आवाज म्हणजे निव्वळ गोंगाट. असला आवाज बाजारात ठीक, पडद्यावर नको. पूर्ण प्रसंग कापायला हवा होता.”

ग्रुपवरचं ग्रुपवर राहत नाही. त्या रविवारी तो मजकूर फिरत फिरत मच्छी बाजारात पोचला. आत्याच्या शेजारी कोळंबी घेऊन बसणारी बाई आहे, तिला मी मावशी म्हणतो. तिने तो रागारागाने सगळ्यांना वाचून दाखवला. वाचून होईपर्यंत तिने त्या माणसाचा सातबारा शिव्यांनी भरून टाकला. आत्याने मात्र कोयता पुसला, पाटीवर फडकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या जागी बसली, पण हाक दिली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आता तिची गिऱ्हाइकं अशी, की बाजारात शिरलं की डोळ्यांनी शोधत नाहीत, आवाजाच्या रोखाने चालत येतात. ती बिचारी दारातच गोल गोल फिरायला लागली. एक पेन्शनर तर फिरत फिरत भाजी बाजारात गेला आणि कोबी घेऊन घरी परतला. संध्याकाळी आत्याची पाटी जशीच्या तशी घरी यायची. घरात पाणी हवं असलं तर ती तांब्याकडे बोट दाखवायची. मी समजावून पाहिलं. त्यावर ती एकच वाक्य बोलली, तेही इतक्या हळू की मला वाकावं लागलं.

“बाला, आमी हाका मारल्या म्हंजे लोकांना गोंगाटच वाटत असंल. मना काय म्हाईत.”

त्या क्षणी मी ठरवलं. या माणसाला मी सोडणार नाही. तोंडावर शिव्या दिल्या तर त्याला त्यातही मुद्दे सापडले असते. त्याला बाजार शांत हवा होता ना? मग त्याला शांतच बाजार दाखवायचा. असा शांत, की त्याला स्वतःच्या पोटातलं पाणी ऐकू यावं.

त्याची एक दुखती नस मला ठाऊक होती. ग्रुपवर तो अधूनमधून जिताड्याबद्दल लिहायचा. जिताडा मासा म्हणजे आमच्या खाजणातला, खाडीकाठच्या खाऱ्या पाण्यातला, राजा. जिथे साहेबाकडे काम अडतं तिथे आमची माणसं जिताडा घेऊन जातात आणि काम सुटतं. मी ग्रुपवर सहज टाकलं, रविवारी सकाळी पनवेलच्या बाजारात गव्हाणचा जिताडा येतोय, हाताएवढा लांब. लगेच मांजराचा वेगळा मेसेज. नक्की कुठे मिळेल सर? मी त्याला जागा सांगितली, आणि ओळख पटावी म्हणून हातात कापडी पिशवी ठेवायला सांगितलं. सर म्हणाला मला! मी गालातल्या गालात हसलो, बकरा कसा पायाने चालत येतो म्हणून.

मग मावशीला गाठलं. तिने पुऱ्या ओळीत निरोप फिरवला. त्या माणसाला भाव सांगायचा नाही, हाक द्यायची नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. आत्याला यातलं काही सांगितलं नाही. तिला ते सांगायची गरजही नव्हती, ती आधीच मुकी झाली होती.

रविवारी तो आला. मी मनात एक राक्षस तयार ठेवला होता, आणि आला तो चष्मेवाला, किडकिडीत, पांढऱ्या बुटांचा, हातात लग्नात मिळालेली कापडी पिशवी. बाजाराच्या पाण्यात बूट भिजू नयेत म्हणून बगळ्यासारखा पाय टाकत होता. त्याने ओळीत पाऊल ठेवलं आणि बाजार बंद झाला. कोयते थांबले. माश्यासुद्धा बसल्या. ज्या बायकांना झोपेतही गप्प राहता येत नाही त्या आभाळाकडे बघायला लागल्या. त्याने पापलेटवालीला भाव विचारला, तिने अंगठीतला खडा तपासला. मांदेलीवालीला विचारला, तिने पाठ फिरवली. मावशीने तर डोळेच मिटले.

मी खांबाआडून बघत होतो. सुख म्हणतात ते हेच. पण तो घाबरायच्या ऐवजी हळूहळू गंभीर होत गेला. चपापून त्याने पिशवी काखेत मारली, मान खाली घातली, आणि माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात विचारलं, “कोणी गेलं का हो यांच्यातलं?”

त्याला वाटलं बाजारात दुखवटा आहे. आणि पुढच्या पाटीसमोर तो हात जोडून उभा राहिला. माझा सगळा सूड त्याने सांत्वनात जमा केला. मला तिथल्या तिथे बर्फाची लादी डोक्यात घालावीशी वाटली, कोणाच्या ते ठरत नव्हतं.

पुढची पाटी आत्याची होती. तिच्यात जिताडा होता, पहाटे भरतीला काढलेला, आमच्याच खाजणातला. त्याला बघून या गृहस्थाचं दुःख पळालं. शेपटीला धरून त्याने तो उचलला, उलटा केला, नाकाशी नेला, आणि स्वतःशीच बोलायला लागला. पण ती सवय कुठे जाते?

“पहिली गोष्ट, डोळा थोडा निस्तेज आहे. दुसरी, हा नैसर्गिक वाटत नाही, फार्मचा असावा. तिसरी, बर्फात दोन दिवस तरी…”

तिसरी गोष्ट त्याच्या तोंडातच राहिली. आत्या उठून उभी राहिली होती. आवाजाला नावं ठेवलेली तिने गिळली होती. पण मासा?

“खाली ठेव त्याला.” ती सुरुवात होती, अजून हळूच होती. मग बांध फुटला. “बर्फात? माज्या भावाच्या खाजनातला जिताडा बर्फात? अरे, पाटे पानी चढलं तवा यो पोवत व्हता, तू तवा घोरत व्हतास! शेपटीला धरतोस? तुज्या बापासला कोन शेपटीला धरून उचलतो का रं?”

काय सांगू. पत्रे थरथरले. बाहेर रिक्षांचे हॉर्न आपोआप वाजले. पाताळगंगा आपट्याजवळ क्षणभर उलटी वाहिली असं तिथल्या खलाशाने मला नंतर सांगितलं, आणि तो कंदिलाच्या बाबतीतही खरं बोलणारा माणूस. दारात गोल फिरणारी गिऱ्हाइकं कान टवकारून सरळ चालत आत आली. पेन्शनर सगळ्यात पुढे होता. मावशीने डोळे उघडले आणि डोळ्यांतून पाणी काढत कोळंबीचा भाव ओरडायला लागली. पूर्ण बाजार एकदम सुरू झाला.

तो माणूस मात्र उपड्या टोपलीवर मटकन बसला होता. चष्म्यावर जिताड्याचं पाणी उडालेलं. चष्मा त्याने शर्टाला पुसला. मग म्हणाला, “मावशी, तुम्ही… चंद्रवाल्या?”

मी खांबाआडून बाहेर आलो आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की होय सर, याच त्या, आणि तुमचे मुद्दे यांना वाचून दाखवले आहेत. त्याचा चेहरा बोंबलासारखा पांढरा पडला. तो काही पुटपुटला, माफी असावी. आत्याने ती ऐकलीच नाही. तिने जिताडा फळीवर घेतला होता.

“घेनार हायस?”

त्याने मान डोलवली. तिने कोयत्याने खवले काढले, पोट साफ केलं, एकसारख्या तुकड्या पाडल्या, सगळ्या त्याच्या पिशवीत भरल्या. आणि डोकं उचलून आपल्या पाटीत, फडक्याखाली ठेवलं.

बाहेरच्यांसाठी सांगतो. जिताड्याच्या तुकड्या कोणीही खातो. चव सगळी डोक्यात. डोकं मिळालं नाही तर तुम्ही जिताडा आणलाच नाहीत, नुसता पाहुणा म्हणून येऊन गेला. हे या माणसाला ठाऊक होतं, त्याने स्वतः ग्रुपवर त्यावर मुद्दे लिहिले होते.

“मावशी,” तो कळवळून म्हणाला, “डोकं?”

“डोकं माजं,” आत्या म्हणाली, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी. “ज्याला मासा वलकत नाय त्याला आमी डोकं देत नाय. जा. शिक, मंग ये.”

तो गेला. रात्री ग्रुपवर आला. मला वाटलं ग्रुप सोडेल. त्याने लिहिलं होतं, सिनेमातला सर्वांत मोठा दोष म्हणजे चंद्र विकणाऱ्या बाईचा आवाज फारच कमी ठेवला आहे. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. ते वाचून खलाशी पुन्हा दोन पंगतींत भांडायला लागले. तो हल्ली दर रविवारी येतो, बरोबर नवे नवे खलाशी आणतो, आत्याच्या समोर उभा राहून मासे ओळखायचा प्रयत्न करतो आणि दर रविवारी चुकतो. चुकला नाही तरी मी मागून नकाराची मान हलवतो.

त्या पहिल्या रविवारी दुपारी जिताड्याच्या डोक्याचं कालवण झालं. आत्याने एक घोट घेतला आणि म्हणाली, “मीठ कमी हाय.” दोन घरं सोडून राहणारी बाई मिठाची बरणी घेऊन धावत आली. मी ताटाचा फोटो काढला, जिताड्याचा डोळा नीट दिसेल असा, आणि मांजराला पाठवला.