शुक्रवारी परत येणारा मेल

"सांगते ना तुला, डबाकाका सगळ्यांचे मेल वाचतात," आमच्या ऑफिसातली शीतल पॅन्ट्रीत फोनवर कुणाला तरी सांगत होती. मी तिच्या मागे कप धरून उभी होते. माझा लगेच विश्वास बसला. कारण त्याच सकाळी मी पुसून टाकलेला एक मेल माझ्याकडे परत आला होता. पवईच्या एका कंपनीला केलेला नोकरीचा अर्ज. इथे लागून मला चारच महिने झाले होते आणि तो अर्ज मी मूर्खासारखा ऑफिसच्याच मेलवरून पाठवला होता.

आमचं अंधेरीचं ऑफिस मढच्या किनाऱ्यावरचे बंगले शूटिंगसाठी मिळवून देतं. मालकाने होकार कधी दिला, कोणती खोली उघडायची नाही, सगळं मेलवर ठरतं. ऑफिसचे कॉम्प्युटर डबाकाका सांभाळत. मूळचे मालवणकडचे, राहायला मुलुंडला. ते भिंतीला पाठ लावून बसत, म्हणजे त्यांचा स्क्रीन कुणालाच दिसू नये. टेबलाखालच्या काळ्या यंत्रावरची धूळ पुसायला त्यांच्याकडे इस्त्री केलेला पंचा असे. इस्त्री कशाला, असं मला वाटे. जपणाऱ्या माणसाला लपवायचंही असतं, असंही वाटे.

त्या यंत्रात एक प्रोग्राम आपल्यापुरता बंदिस्त होऊन चालायचा. त्याला कंटेनर म्हणतात. काका डबा म्हणत. "डबा रोज दुपारी दोनला आपला आपण उठतो, सगळ्यांच्या नव्या मेलची कॉपी आणतो, डिस्कवर ठेवतो, परत झोपतो. बिघडला तर फेकायचा, दुसरा लावायचा. डिस्कला धक्का नाही."

"पण मेल पुरवणाऱ्या कंपनीकडे ते असतातच ना?" मी एकदा धीर करून विचारलं. माझं मराठी शाळेत न शिकलेलं, अडखळत येणारं. काका कधी हसले नाहीत.

"घरमालक चांगला आहे म्हणून दागिने त्याच्याकडे ठेवशील गो?"

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "ठेवलं म्हणजे राहिलं असं नसतं. काढून बघितलं की मग म्हणायचं, ठेवलंय." म्हणून दर शुक्रवारी ते डिस्कवरून कुणाचा तरी एक जुना मेल काढून त्याच्या त्याच्याकडे परत पाठवत. त्या माणसाने फक्त "मिळाला" म्हणायचं. माझा अर्ज परत आला त्या शुक्रवारी मी ते म्हटलंच नाही. दुपारी ते टेबलाशी आले. "मिळाला मां गो?" आणि हसले. त्या हसण्याचा अर्थ मी आठवडाभर लावत बसले.

मग काका मेल वाचतात अशी शीतलने ऑफिस चालवणाऱ्या मॅडमकडे तक्रार केली. मॅडमनी एकेकीला आत बोलावलं. "तुझा काय अनुभव?" मी म्हणाले, "माझा डिलीट केलेला मेल परत आला." एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं. मेल कसला होता ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. काकांना महिनाअखेरीस नोकरी सोडायला सांगण्यात आलं. काम शिकून घ्यायला मॅडमनी मला निवडलं. का, तर मी गप्प असते.

शेवटच्या शुक्रवारी मी पहिल्यांदा भिंतीच्या बाजूने त्यांचा स्क्रीन पाहिला. काकांनी एक बटण दाबलं. यंत्राने आपणच एक मेल निवडला. स्क्रीनवर ना नाव, ना विषय. एक लांबलचक आकडा आणि पुढे "पोचला".

"आत काय आहे ते दिसत नाही?"

"लोकांचा माका काय करूचा आसा?" ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "संशय आहे ना? बरा असतो. डिस्कवरचं काहीही कुणी उघडलं की इथे नोंद होते. ती पुसता येत नाही, मलाही नाही. बघ निवांत, मी चहा घेऊन येतो."

मी सगळं बघितलं, तीन वर्षांचं. शुक्रवार, यंत्राची निवड, पोचला. शुक्रवार, यंत्राची निवड, पोचला. माणसाने उघडलेला एकही मेल नव्हता. आणि ते हसू? ते सगळ्यांनाच तसं हसून विचारत. मी नवीन होते, मला ठाऊक नव्हतं.

आता दर शुक्रवारी ते बटण मी दाबते, आणि पंच्याला इस्त्रीही करते. सुरकुतीत धूळ अडकते, असं काकांनी जाताना सांगितलं होतं.

त्या शेवटच्या शुक्रवारी पाच वाजता काकांच्या निरोपासाठी समोसे आले. मॅडम दोन शब्द छान बोलल्या. काका डब्यावर झाकण ठेवावं तसे दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होते. शीतल माझ्या कानाशी लागली, "सुटलो बाबा. आता तू नको हां वाचूस आमचे मेल!"

मी हातातली प्लेट खाली ठेवली. मॅडमकडे वळले.

"काकांनी कुणाचाच मेल वाचलेला नाही, मॅडम. नोंद आहे, मी दाखवते. माझा जो मेल परत आला, तो दुसरीकडच्या नोकरीचा अर्ज होता. म्हणून मी घाबरले, आणि तुम्हाला अर्धंच सांगितलं."