नणंदेची डॉक्टर

म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि फ्रान्समधल्या मोर्वांच्या डोंगरातल्या आमच्या सात गावांना डॉक्टर उरला नाही. दोन वर्षांनी बावीस किलोमीटरवर एक डॉक्टरबाई आल्या. पेशंट मोजकेच घेणार होत्या, नावनोंदणी एकाच सकाळी, फोनवर. माझी शेजारीण सोलांज दोन तास नंबर फिरवत बसली, पण लाइन मोकळी मिळाली नाही. तिच्या नणंदेचा, ईवेतचा फोन मात्र पहिल्या खेपेला लागला.

शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबलेली सोलांज तशी कुणाच्या वाईटावर नव्हती. पण दर रविवारी जेवायला आलेली ईवेत चीजचा तुकडा बाजूला सारून म्हणायची, "माझी डॉक्टर नको म्हणते गं वहिनी." तेवढ्यानं सोलांजचा जळफळाट व्हायचा.

"हिला शिंक आली तरी तपासतात," ती मला म्हणायची. "मला जिना चढताना धाप लागते, ते मी कुणाला सांगू? कोंबड्यांना?"

मार्चमध्ये ईवेत लेकीकडे लियोंला निघाली. "वहिनी, माझी गुरुवारची अपॉइंटमेंट तेवढी रद्द कर," म्हणून सांगून गेली.

सोलांजनं फोन केलाच नाही. गुरुवारी मला म्हणाली, "गावात काम आहे, गाडीनं सोडतेस?" मी सोडलं, तर ती थेट डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात शिरली.

तासाभरानं ती बाहेर आली ती पांढरीफटक पडून. गाडीत सगळं सांगितलं. ईवेत म्हणून आत गेली होती. बाईंनी पोट तपासलं, फाइल चाळली आणि विचारलं, "चेहरा बदलला ते ठीक, पण पित्ताशयाच्या ऑपरेशनचा व्रण कुठे गेला?"

"मी तिची भावजय. तुमच्या यादीत मला जागा नाही मिळाली."

बाईंनी तिला पुन्हा आडवं केलं. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. ठोके चुकत होते. त्यांनी स्वतः हॉस्पिटलला फोन लावला.

नऊ दिवसांनी सोलांज घरी आली. बाईंनी तिचं नावही लिहून घेतलं. ईवेत मात्र उंबऱ्यातूनच म्हणाली, "माझी अपॉइंटमेंट चोरलीस. मागितली असतीस तर..."

"दिली असतीस?"

ईवेतनं जरा विचार केला. "नसती दिली," म्हणाली आणि आत येऊन बसली.

आता दोघींना मीच घेऊन जाते. ईवेत आत असली की सोलांजची नजर घड्याळावर.

"वीस मिनिटं झाली," ती पुटपुटते. "मला दहातच बाहेर काढतात."