भाडेकरूचा दाखला

आमचं गाव चाकणच्या एमआयडीसीला चिकटलेलं. वडील, म्हणजे आबा, तेव्हा सरपंच होते, आणि माझं अक्षर बरं म्हणून दाखल्यांचा मजकूर मी लिहून द्यायचो. शेताच्या कडेला आम्ही सहा खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या. त्यातल्या एकीत परभणीकडचा एक कामगार बायको नि मुलीसह चार वर्षं राहत होता.

एके सकाळी तो मुलीच्या शाळेसाठी रहिवासी दाखला मागायला आला.

"तुझ्या गावचा आण की," आबा म्हणाले.

"ऱ्हातो तर इथंच, साहेब."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "नका देऊ. आज दाखला, उद्या मतदार यादीत नाव. मग निवडणूक कुणाची?" हे त्याच्यासमोर म्हणालो, आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंही नाही. आमच्याकडं सगळे असंच बोलतात. तो "बरं" म्हणून ड्यूटीला गेला.

पुढं भोसरीतल्या माझ्या कंपनीनं मशीन बसवायला मला मोरोक्कोला धाडलं. तिथं वर्षभर राहायचं तर राहण्याचा परवाना हवा, परवान्याला रहिवासी दाखला हवा. घ्या! कचेरीत गेलो तर म्हणाले, तुमच्या वस्तीचा मुकद्दम आधी चौकशी करेल. आपल्याकडं मुकादम म्हणजे मजुरांवरचा माणूस. हा तिथल्या सरकारनं नेमलेला, खालच्या पायरीवरचा माणूस निघाला. निवडून आलेला नव्हे, त्यामुळं मतांची भानगड नाही. तरी मला धाकधूक होतीच. भाषा येत नाही, ओळखपाळख नाही, खोली भाड्याची. मी त्याच्या जागी असतो तर मला हाकललंच असतं.

तो दुपारी आला. खोलीत डोकावला, जिन्याखालच्या दुकानदाराला काहीतरी विचारलं. दुकानदारानं माझ्याकडं बोट दाखवून मान हलवली. काम झालं. दोन दिवसांनी दाखला हातात मिळाला. शेजारी भाडेकरूला ओळखतो, एवढं मुकद्दमाला पुरलं होतं. आमच्या भाडेकरूला तर मी स्वतः चार वर्षं ओळखत होतो. मला लाज वाटली, चांगलीच.

त्याच दिवशी मी त्याला फोन लावला. म्हणालो, "आबांना सांगतो, दाखल्याचं करून टाकू."

"आता कशाला, भाऊ? शाळा सुरू झाल्या की. पोरगी गावाकडं मावशीपाशी ठेवली, तिकडंच नाव घातलं."

"बरी आहे ना?"

"बरीच हाय. फोन केला की इचारती, माझं काय चुकलं म्हून धाडलं."

दाखला माझ्यापुढं टेबलावर होता. मी त्याला नुसतं बरं म्हणालो आणि फोन ठेवला.