अक्काच्या लुगड्याला खिसा नाही

चिनू आणि मीरा, तुमच्या बाबांनी पाठवलेलं कानाचं यंत्र पर्समध्ये, पर्स पिशवीत आणि पिशवी मांडीवर, अशी व्यवस्था लावून मी श्रावणातल्या शनिवारी जळगावहून एस.टी.त बसले. जायचं होतं धुळ्याच्या पुढे सोनगीरला, माझ्या थोरल्या बहिणीकडे.

अक्काच्या घरी रविवारी कानबाई बसणार होती. कानबाई ही आपल्या खानदेशची देवी. नारळाला नथ-लुगडं घालून तिला चौरंगावर बसवतात आणि बायका तिची गाणी म्हणतात. अक्काच्या आळीत ती गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त अक्काला येतात. ती ओळ सुरू करते, बाकीच्या झेलतात. पण गेल्या वर्षी बायका थांबल्या तरी अक्का एकटीच गात राहिली आणि पोरंसोरं हसली. यंदा तिने निरोप धाडला होता, "मी गाणार नाही. बहिरीचं तिथे काय काम?"

एरंडोल सुटल्यावर यंत्र एकदा तपासावं म्हणून मी त्याच्या वायरीच्या टोकाचं बोंडूक कानात घातलं आणि कळ फिरवली. एस.टी.चं इंजिन थेट डोक्यात शिरलं! मी दचकलेली पाहून कंडक्टर वाकला.

"मावशी, स्कोर काय शे?"

"रेडिओ नाही हो भाऊ, कानाचं यंत्र आहे."

"मंग जोरमा बोलू का?" तो माझ्या कानाशी ओरडला. मी बोंडूक काढून पिशवीत टाकलं. तरी पारोळ्यापर्यंत तो बिचारा प्रत्येक थांब्याचं नाव मला हातवारे करून सांगत होता.

धुळ्याला गाडी बदलली. स्टँडवर गरम भजी खाल्ली, त्यातली दोन साडीवर सांडली. पुढे आग्रा रोडला ट्रकच ट्रक. सोनगीरचा किल्ला हिरवागार झाला होता, आणि उतरल्याबरोबर तांबटांचे हातोडे ऐकू आले. अक्काचं घर तांबट आळीच्या तोंडाशीच. तिला मात्र आता तो ठोका ऐकू येत नाही.

"हाई काय वं, सुमे? तपकिरीनी डबी?" यंत्र पाहून अक्का म्हणाली.

डबीतून एक वायर निघते आणि तिच्या टोकाला ते बोंडूक. मी सोबतचा इंग्रजी कागद उघडला आणि पहिली सूचना मराठीत मोठ्याने वाचली, "डबी कोटाच्या वरच्या खिशात ठेवावी."

"कोट तुना भाऊजीना शे. घालू का?" अक्का म्हणाली. "मना लुगडाले खिसा कोठे शे?"

शेवटी डबी तिच्या लुगड्याच्या घडीत खोचली आणि वरून पदर घेतला. चारचौघींना ती दिसू नये, असं अक्काचं म्हणणं. मग सगळं घर एकदम बोलायला लागलं. अक्काचा मुलगा ओट्यावरून, नातवंडं अंगणातून, मी समोरून. अक्काने तोंड वाकडं केलं. "कानमा कोनी ज्वारी पाखडी ऱ्हायनं."

रविवारी दुपारपर्यंत तेच. पुरणाचा घाट चालला होता आणि अक्का वैतागली होती. बोंडूक कानातच ठेवून तिने डबी उपसली आणि सुनेच्या, शेवंताच्या, हातात कोंबली. "धर तुना जोडे!" (धर तुझ्याजवळ.)

शेवंताचा दुसरा हात पुरणात. ती तोंडातल्या तोंडात पुटपुटली, "हाईबी मीच सांभाळू? माले काय चार हात शेतस?"

अक्काची मान वळली.

"काय बोलनी वं तू?"

शेवंता पांढरी पडली. "काही नही, आत्याबाई."

"चार हात म्हने!" अक्का एवढी हसली की पाटावरून घसरली. "कितला दिनमा तुना आवाज ऐकाले उना वं!" (किती दिवसांनी तुझा आवाज ऐकायला आला गं.)

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यंत्राचा कान डबीत असतो, आणि आम्ही तोच पदराखाली झाकला होता. त्याला लुगड्याच्या खरखरीशिवाय काय ऐकू येणार?

अक्काने तिथल्या तिथे कायदा केला. "आते ज्याना हातमा डबी, त्यानीच बोलानं. बठ्ठा एकदम नही."

वायर हातभर लांब. त्यामुळे ज्याला बोलायचं त्याने अक्काजवळ येऊन बसायचं. ओट्यावरून हुकूम सोडणारा तिचा मुलगा मुकाट्याने चपला काढून आत आला. शेवंताचा नंबर शेवटी लागला आणि सगळ्यांत जास्त वेळ चालला.

दिवेलागणीला बायका जमल्या. अक्का मागे भिंतीला टेकून बसली. सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या. शेवंता तिच्या शेजारी बसली आणि डबी उचलून म्हणाली, "आम्ही कोठे थांबनूत ते तुमले ऐकू यी. म्हना, आत्याबाई."

मग तिने डबी बायकांकडे धरली.

अक्काने ओळ उचलली. बायकांनी झेलली. त्या थांबल्या आणि अक्काही तिथेच थांबली. दुसरं गाणं, तिसरं गाणं. चौथ्यात तिने एकदम हात वर केला.

"चुकन्यात वं तुम्ही! परत म्हना."

गेल्या वर्षी हसलेली पोरं यंदाही हसली, पण आयांना.

सोमवारी कानबाईची बोळवण झाली आणि मी निघाले. निघणाऱ्या सगळ्यांची अक्काचा निरोप घ्यायला रांग लागली. माझ्या हातात डबी आली तेव्हा मी आधी पिशवीच सावरत बसले. "बोल ना, सुमे," अक्का म्हणाली, "तुना नंबर शे." मी हळूच म्हटलं, "पुढच्या वर्षी येते." तिने 'काय?' म्हणून विचारलं नाही. "दोन दिन आधी ये," म्हणाली.

जळगावला आल्यापासून मी स्वयंपाकघरातून तुमच्या आजोबांना हाका मारत नाही. काही सांगायचं असलं की हात पुसून त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन बसते. त्यांचे कान शाबूत आहेत. पहिले चार दिवस ते घाबरून विचारत होते, "काय झालं?" आता मी येताना दिसले की ते आपणहून पेपर बाजूला ठेवतात.